तिसऱ्या पोरांची यादी

ग्लेनिस गार्बटच्या तोंडी लागू नये, हे स्केल्डर वसाहतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मोठ्यांना तर होतंच, कारण त्यातले निम्मे तिच्याच हातचं जेवून मोठे झाले होते. एकतीस वर्षं ती प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात हातात डाव घेऊन उभी होती. कुणाला मटार चालत नाहीत, कोण कस्टर्डवरची साय बाजूला काढून ठेवतं, कोणाची ताटली सोमवारी चाटूनपुसून लख्ख होते, हे तिला न विचारता कळायचं. सोमवारी ताटली चाटणाऱ्या पोराकडे ती मंगळवारी जरा जास्त लक्ष द्यायची. शनिवार-रविवार घरात काय शिजलं नाही, हे तिला त्या ताटलीत दिसायचं.

शाळा तिने पंधराव्या वर्षी सोडली. पण कागद वाचायची तिला चटकच लागली होती. विजेचं बिल असो, कोर्टाची नोटीस असो, सरकारी अर्ज असो, लोक तो घेऊन तिच्या ओट्याशी यायचे आणि ती चष्मा नाकावर सरकवून, शिव्या घालत घालत तो वाचून द्यायची. "ह्या मेल्यांना साधं लिहिता येत नाही का गं?" असं म्हणत ती तेच साधं करून सांगायची. वसाहतीतल्या कामगार क्लबात बायकांना मताचा हक्क मिळाला, त्या पहिल्याच सकाळी दार उघडायच्या आधी ती पायरीवर जाऊन उभी राहिली आणि सभासदत्वाचं पहिलं कार्ड घेऊन आली. तोवर बायकांनी क्लबात बिंगो खेळायचं, गाणी ऐकायची आणि नवऱ्याच्या सहीवर आत यायचं, एवढंच होतं. कार्ड तिने फ्रेम करून संडासात लावलं. पाहुणे आले की बरोबर वाचतात, म्हणायची.

एक गोष्ट मात्र तिला जन्मात जमली नाही. तोंड बंद ठेवणं.

त्या वर्षी, म्हणजे तेवीस सालच्या वसंतात, ती दारोदार फिरत होती. सरकारचा नियम असा की गरीब घराला मुलांमागे जी मदत मिळते, ती पहिल्या दोघांपुरतीच. सतरा सालच्या एप्रिलनंतर तिसरं जन्मलं, तर त्याच्या नावाने छदाम नाही. ही मर्यादा उठवा, असा अर्ज घेऊन ग्लेनिस सह्या गोळा करत होती. सोबत लिआन पॅलिस्टर असायची, तिच्याच गल्लीतली. लिआन वृद्धाश्रमात कामाला. पदरात तीन पोरं. तिसरी मार्नी पोटात होती तेव्हा नवऱ्याची गोदामातली नोकरी गेली, आणि मार्नी रांगायला लागायच्या आत नवराही गेला.

लिआनला वाटायचं, आपली वसाहत गरिबांची, इथे कोण नाही म्हणणार? ग्लेनिसला तेवढी आशा नव्हती. टीव्हीवर सांगत होते की देशात दहातले सहा जण म्हणतात, मर्यादा बरोबरच आहे. इथे प्रमाण त्याहून वाईट निघालं. चौसष्ट दारं झाली. एक्केचाळीस घरांनी तोंडावर सांगितलं, दोन पुरेत. बारा दारं उघडलीच नाहीत. सह्या झाल्या अकरा, आणि त्यातलीही एक ग्लेनिसच्या सख्ख्या बहिणीची.

शीला वॅसच्या दारातला प्रसंग तर पुढे आठवडाभर क्लबात रंगवून सांगितला गेला. शीला ग्लेनिसची बिंगोची जोडीदार, चाळीस वर्षांची मैत्रीण.

"हे बघ ग्लेन," शीला दाराला हात लावून म्हणाली, "पोसायची ऐपत नाही, तर जन्माला कशाला घालायची? मी नाही का दोनवर थांबले?"

"तू कसली थांबलीस? तुझा फ्रँक वर्षातले दहा महिने बोटीवर होता! तो घरी असता तर फुटबॉलची टीम केली असतीस!"

दार असं आपटलं की बाजूच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

लिआनने कागद छातीशी धरला आणि फाटकाबाहेर येईपर्यंत कशीबशी गप्प राहिली. "ग्लेन आँटी, तू दारं ठोठावतेस की फोडतेस?"

"खोटं बोलले का मी?"

"खरं बोललीस. सही मात्र गेली."

आणि त्याच आठवड्यात क्लबाच्या फळ्यावर तो कागद लागला.

दर वर्षी जुलैत क्लब सभासदांच्या पोरांना समुद्रकाठच्या स्कारबरोला नेतो. क्लब उभा राहिल्यापासूनची रीत. सकाळी सातला बस सुटते, प्रत्येक पोराच्या छातीवर नावाची चिठ्ठी, हातात एक वेफर्सचं पाकीट, एक सरबताची बाटली आणि एका पाकिटात खर्चायला पाच पौंड. ते पाकीट आयुष्यभर लक्षात राहतं. साठीतले बाप्ये अजून सांगतात, आपण ते किनाऱ्यावरच्या नाणी टाकून खेळायच्या कुठल्या मशीनमध्ये घालवलं. फळ्यावरच्या कागदावर लिहिलं होतं: निधी कमी पडल्यामुळे यंदा तीनऐवजी दोनच बस. प्रत्येक घरातली पहिली दोनच मुलं. ठराव रविवारी दुपारी बाराला सर्वसाधारण सभेपुढे. खाली अध्यक्ष नॉर्मन थर्लवेलची सही.

नॉर्मन पोलादाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं राबलेला. कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी हाच फाटकावर शेवटी उभा होता. वाईट माणूस नव्हता, पण आपण म्हणू तेच सगळे म्हणतात अशी त्याची समजूत होती, आणि बहुतेक वेळा ती खरीही असायची. बारच्या कोपऱ्यात पार्मो, म्हणजे वर चीज वितळवलेलं तळलेलं चिकन, खात तो मोठ्याने बोलत होता.

"सरकारला दोन परवडतात, क्लबला तीन कुठून परवडणार? आणि लोकांना पटलेलंच आहे हे. ग्लेनिसनेच तर दारोदार विचारलं. किती गं? एक्केचाळीस का?"

सगळे हसले. ग्लेनिसने ग्लास टेबलावर ठेवला. लिआनने टेबलाखालून तिचा गुडघा दाबला.

बाहेर आल्यावर लिआन रडली नाही. तेच ग्लेनिसला जास्त लागलं. ती साध्या सुरात म्हणाली, "तिघांतली दोन कशी निवडू मी? तिघंही घरीच राहतील. मार्नी गेल्या वर्षी लहान म्हणून राहिली होती. तिला सांगितलंय, यंदा तुझा नंबर."

"मी रविवारी त्याची सालटी काढते."

"नको," लिआन म्हणाली. "आँटी, तुझ्या पाया पडते, नको. तू ओरडलीस की लोक मार्नीबद्दल विचार करत नाहीत, तुझ्याबद्दल करतात. आणि मग आपण हरतो."

अशी गोष्ट ग्लेनिसला आजवर कुणी बोलून दाखवली नव्हती. कुणाची छाती झाली नव्हती. ती घरी गेली, किटली ठेवली, चहा करायला विसरली, आणि क्लबाची नियमांची जुनी पुस्तिका घेऊन बसली. पुस्तिका तिने पूर्वीही वाचली होती, पण तेव्हा भांडायला वाचली होती. ह्या वेळी शोधायला वाचली.

तेविसावा नियम जुन्या काळचा होता. पूर्वी दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला क्लबातून काढायचं, तर समितीने बंद खोलीत ठरवून चालत नसे. भर सभेत उभं राहून त्याचं नाव वाचावं लागे. कारण काढायचं असेल तर तोंडावर काढ, पाठीमागे नको, हा ह्या लोकांचा सगळ्यात मोठा अभिमान. नियमाचे शब्द असे होते: क्लबाच्या कोणत्याही लाभातून सभासदास किंवा त्याच्या घरातल्या कुणासही वगळायचे असल्यास, त्या प्रत्येकाचे नाव मतदानापूर्वी सभेत वाचून दाखवावे.

प्रत्येकाचे नाव. ग्लेनिसने ते तीनदा वाचलं.

गुरुवारी ती क्लाइव्हकडे गेली. क्लाइव्ह म्हणजे क्लबाचा चिटणीस आणि बिंगोचे आकडे पुकारणारा, दोन्ही एकच. सहलीचे अर्ज त्याच्याकडे होते. त्या अर्जांत घराचा पत्ता आणि त्या घरातली मुलं वयाप्रमाणे लिहिलेली असत. त्यावरून त्याने वगळायच्या पोरांची यादी करून ठेवली होती, आणि नॉर्मनने तिच्यावर सही करून दिली होती. नॉर्मन सगळ्याच कागदांवर न वाचता सही करायचा. क्लाइव्हने लिहिलंय ना, मग झालं.

सभासदाला यादी बघायचा हक्क होता. ग्लेनिसने चष्मा चढवला. पंधरा नावं. नववं मार्नीचं. शेवटच्या नावाशी ती थांबली. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नाव तेच होतं.

"क्लाइव्ह, ही यादी नॉर्मनने पाहिली?"

"सही आहे ना त्याची."

"सही दिसतेय मला. पाहिली का, विचारलं."

क्लाइव्हने खांदे उडवले.

परत येताना तिची पावलं आपसूक नॉर्मनच्या फाटकाशी थांबली. तो बागेत कांद्याच्या वाफ्यात होता. सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. खरंच आलं. पण तिला पाहताच तो कंबर सरळ करून म्हणाला, "काय गं, आणखी एक दार? माझं बेचाळिसावं लिहून घे!"

"रविवारी तेविसाव्या नियमाप्रमाणे नावं वाचायची आहेत," ती म्हणाली. "लेखी दिलंय क्लाइव्हकडे."

"वाचू की! पंधरा पोरं, दोन मिनिटांचं काम. एवढ्यासाठी चालत आलीस?"

"एवढ्यासाठीच."

आणि ती निघून गेली. पुढचे तीन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. शाळेतल्या बायकांना वाटलं, बाई आजारी आहे.

रविवारी हॉल गच्च भरला. बिंगो संपला होता, पण लोक कार्डं हातात घेऊन तसेच बसले होते. पोरांना सभेत मज्जाव, त्यामुळे ती मागच्या गाडीतळावर खेळत होती आणि त्यांचा आरडाओरडा खिडकीतून आत येत होता. नॉर्मनने ठराव मांडला. निधी नाही, भाड्याचे दर दीडपट झाले, आणि न्याय तोच जो सगळ्या देशाला लागू आहे. कुणालाही एकटं पाडलेलं नाही, नियम सगळ्यांना सारखा. टाळ्या पडल्या. शीला वॅसने उभं राहून अनुमोदन दिलं, आणि बसताना ग्लेनिसकडे असं पाहिलं की आता बोल काय बोलायचं ते.

"विरोधात कुणी?" नॉर्मनने विचारलं, आणि हसत हसतच ग्लेनिसकडे वळला. लोकांनी ग्लास सांभाळले. पुढच्या रांगेतला म्हातारा वॉल्टर शेजाऱ्याला कोपराने ढोसून म्हणाला, "कानाचं यंत्र बंद करू की राहू देऊ?"

ग्लेनिस उभी राहिली. तिच्या मानेवरची शीर टरारली होती. लिआनने डोळे मिटून घेतले.

"तेविसावा नियम," ग्लेनिस म्हणाली. "नावं वाचा."

आणि बसली.

हॉलमध्ये क्षणभर कुणाला काही कळेना. एवढंच? नॉर्मनने क्लाइव्हला खूण केली. क्लाइव्हने माइक ओढला, घसा साफ केला, आणि आयुष्यात एकच आवाज माहीत असल्यामुळे त्याच बिंगोच्या आवाजात सुरू झाला.

"सॅमी बूथ! सहा वर्षं! सतरा, मिल लेन!"

दोघे-तिघे हसले. सवयीने एकाने पेन्सिलसुद्धा उचलली. वॉल्टर वळून म्हणाला, "सॅमी? माझं कुंपण रंगवू लागला होता तो? तो कशाला नाही?"

"तिसरा आहे तो," कुणीतरी म्हणालं.

"मग काय झालं? रंग चांगला देतो."

"हॅरिएट डॉबसन! पाच वर्षं! चार, चर्च क्लोज!"

आता हसायला कुणी नव्हतं. डॉबसनांची म्हातारी दुसऱ्या रांगेतच बसली होती. तिने ठरावाला टाळ्या वाजवल्या होत्या. तिचे हात अजून एकमेकांवर तसेच होते. पुढची नावं येत गेली तशा माना वळत गेल्या. ज्याचं नाव येई, त्याचा आजोबा, आत्या, शेजारी कुठे बसलाय, ते लोक शोधू लागले. चौसष्ट दारांवर ज्या तिसऱ्या पोरांबद्दल बोलणं झालं होतं, ती कुणीतरी परकी, लांबची, आळशी लोकांची पोरं होती. ही तर त्यांना रोज रस्त्यात भेटत होती.

"मार्नी पॅलिस्टर! पाच वर्षं! नऊ, स्केल्डर रो!"

लिआनने मान खाली घातली नाही. क्लाइव्हचा आवाज उतरत चालला होता. चौदावं नाव तो जवळजवळ पुटपुटला. पंधरावं त्याने आधी मनात वाचलं, आणि माइकवरून मान वर करून नॉर्मनकडे पाहिलं.

"वाच ना," नॉर्मन म्हणाला.

"ऑर्ला थर्लवेल," क्लाइव्ह म्हणाला. "चार वर्षं."

पत्ता त्याने वाचलाच नाही. गरजच नव्हती.

"चूक आहे," नॉर्मन म्हणाला. "ऑर्ला आमच्या डॅरनची. पहिली आहे ती. एकुलती एक नात माझी."

क्लाइव्हने अर्ज चाळला. "त्या घरात डॅरनच्या बायकोची, केटीची, पहिल्या नवऱ्यापासूनची दोन आहेत, नॉर्मन. पिअर्सन आडनावाची. घरातली तिसरी ऑर्ला."

"त्यांचा काय संबंध? ती केटीची आहेत. ऑर्ला आमची."

"घरातली पहिली दोन, असं लिहिलंय," क्लाइव्ह म्हणाला. "तुझीच सही आहे."

नॉर्मनने कागद हातात घेतला. पहिल्यांदाच वाचला. बोट ठेवून एकेक ओळ उतरत तो शेवटच्या नावापर्यंत आला. मग त्याने घसा खाकरला. "ठीक आहे. मग दुरुस्ती करू. सावत्र मुलं असतील त्या घरांना सूट."

आता ग्लेनिस उठली. चार दिवसांचं साठलेलं होतं, पण आवाज चढला नाही. हॉलमध्ये सगळ्यांना त्याचीच भीती जास्त वाटली.

"कर सूट," ती म्हणाली. "सावत्रांना एक सूट कर. मग जुळ्यांना एक. मग जिचा नवरा मेला तिला एक, ज्याची नोकरी गेली त्याला एक. आणि मग लिआनला इथे समोर उभी कर आणि सगळ्यांदेखत विचार, बाई, तुझं तिसरं कसं झालं ते सांग, म्हणजे आम्ही ठरवू. सरकार तेच करतं. मूल बळजबरीने झालं असेल तर सूट देतं, पण ते बाईनेच अर्जात लिहून द्यायचं. अर्ज मी भरलेत लोकांचे, मला माहीत आहे काय काय विचारतात ते."

खिडकीतून चेंडूचा धप्प आवाज आला.

"तू आत्ता 'चूक आहे' म्हणालास ना, नॉर्मन? बरोबर बोललास. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याशी सहमत आहे मी. फक्त ऑर्लासाठी म्हणायला तिचा आजोबा खुर्चीत होता. मार्नीचा आजोबा मसणात आहे. म्हणून तिच्या वतीने मी म्हणते. चूक आहे. आणि एक ते चौदा, सगळ्यांच्याच बाबतीत चूक आहे."

ती बसली. सगळ्यात आधी शीला वॅसचा आवाज आला. "नॉर्मन, हात मोज बाबा लवकर. मला रडू आलं तर ही बया जन्मभर ऐकवेल."

हॉलमध्ये हशा पिकला, आणि त्या हशात काहीतरी सुटलं. नॉर्मनने कागद घडी करून खिशात ठेवला. "ठरावाच्या बाजूने?" त्याने विचारलं.

तीन हात. त्यातला एक ठराव वाचलेलाच नसलेल्या वॉल्टरचा निघाला, आणि बायकोने तो ओढून खाली केला.

"विरोधात?"

क्लाइव्ह मोजायला लागला आणि चाळिसाच्या पुढे त्याने सोडून दिलं. हात नव्हतेच, नुसतं जंगल उभं राहिलं होतं. कुणीतरी पाय आपटायला सुरुवात केली, मग सगळा हॉल पाय आपटायला लागला, टेबलावरचे ग्लास नाचायला लागले. डॉबसनांची म्हातारी खुर्चीवर उभी राहायला निघाली आणि तिघांनी तिला धरलं.

"ठराव फेटाळला," नॉर्मन म्हणाला. ते कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून त्याने पुन्हा माइकवर सांगितलं.

तिसऱ्या बसचा प्रश्न तिथल्या तिथे निकालात निघाला. बिंगोच्या पुढच्या चार रविवारांची कमाई सहलीला, असं शीलाने सुचवलं. अनुमोदन नॉर्मननेच दिलं. अध्यक्षाला अनुमोदन देता येत नाही, असं क्लाइव्ह म्हणाला, तेव्हा नॉर्मनने त्याला पुस्तिकेसकट गप्प केलं.

मग तो ग्लेनिसच्या टेबलाशी आला. "तुला गुरुवारी माहीत होतं," तो हळू म्हणाला. "फाटकाशी आलीस तेव्हा."

"होतं."

"सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं, तर तू ऑर्लाचं नाव काढलं असतंस. ठराव नसतास मागे घेतला."

नॉर्मनने खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. खोटं बोलायचं तर आत्ता बोलता आलं असतं. "हो," तो म्हणाला. "बहुतेक." आणि खुर्ची ओढून बसला. "तो सरकारचा अर्ज आणलायस का बरोबर?"

ग्लेनिसच्या पिशवीत अर्ज नेहमीच असायचा. नॉर्मनने तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, ओठ हलवत, सगळा वाचला. मग सही केली. त्याच्यामागे रांग लागली. सगळे आले नाहीत. शीला रांगेत उभी राहिली, पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं.

"क्लबाचं वेगळं, ग्लेन. सरकारबद्दल माझं मत आहे तेच आहे अजून."

ग्लेनिसचं तोंड उघडलं. लिआन टेबलापलीकडून तिच्याकडे बघत होती.

"बरं," ग्लेनिस म्हणाली. "पुढच्या रविवारी पुन्हा विचारेन."

"विचार," शीला म्हणाली. "पण फ्रँकचं नाव काढायचं नाही."

दोन वाजेपर्यंत सत्तावन्न सह्या झाल्या होत्या. तीन आठवड्यांच्या दारोदार फिरण्यात झाल्या त्याच्या पाचपट. ग्लेनिसने कागद पिशवीत नीट घातले आणि मागच्या दाराने गाडीतळावर आली. लिआन आधीच पोहोचली होती. ती गुडघ्यांवर बसून तिन्ही पोरांना सांगत होती. मोठी दोघं आत्तापासूनच बसमधल्या खिडकीवरून भांडायला लागली होती.

मार्नीला अजून खात्री वाटत नव्हती. तिने ग्लेनिसकडे पाहिलं, कारण कुणाला ताटात काय मिळणार, हे शाळेत तीच ठरवायची.

"मी पण?"

ग्लेनिसने छाती भरून श्वास घेतला, आणि चार दिवस दाबून धरलेला आवाज सगळाच्या सगळा सोडला. पलीकडच्या गल्लीत कपडे वाळत घालणाऱ्या बायांनी माना वर केल्या, भिंतीवरची कबुतरं उडाली, आत बारमध्ये कुणीतरी ग्लास सांडला.

"तू पण! सॅमी पण! हॅरिएट पण! ऑर्ला पण! आणि खिडकी कुणाची यावरून भांडण ऐकू आलं, तर बसमध्ये मी येते तुमच्याबरोबर, समजलं का रे, कार्ट्यांनो!"

पोरं किंचाळत पळाली. बातमी त्यांच्या तोंडून मिल लेन, चर्च क्लोज, स्केल्डर रो अशी दारोदार निघाली, आणि ह्या खेपेला एकही दार बंद राहिलं नाही.